माहेरचा आमदार, सासरचं कोर्ट

बाळांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मला जड नाही, आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर मलाच ती ओळखू येणार नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

आत्ताच लिहायचं कारण थोरलीचा अर्ज. गेल्या रविवारी तिने तो फोनवर वाचून दाखवला. कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज करताना तिने लिहिलं आहे की माझे आजोबा आधी आमदार होते, नंतर न्यायाधीश झाले, आणि दोन्ही जागी ते दुबळ्यांच्या पाठीशी उभे राहिले. अर्ज चांगला आहे, तसाच पाठव. फक्त त्या दोन जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत असं तुझ्या वाक्यातून वाटतं. त्या जोडलेल्या नव्हत्या. मधे एक बाई पडली. आजोबा होते तोवर हे लिहिणं मला योग्य वाटलं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष झालं.

क्रमाने सांगते.

आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. आजोबांच्या वडिलांनी लोह्याच्या बाजूला दुसऱ्यांच्या शेतात काम करून त्यांना शिकवलं. ते नांदेडला वकील झाले, दलितांच्या केसेस फुकट लढत राहिले, आणि त्यातूनच पक्षाच्या नजरेत आले. जिल्ह्याच्या लातूरकडच्या टोकाला एक राखीव मतदारसंघ होता. तिथून ते निवडून आले. तुमची आई तेव्हा प्राथमिक शाळेत होती.

आमदाराचं घर म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. सकाळच्या एसटीने माणसं उतरत आणि स्टँडवरून चालत आमच्याकडे येत. पुढच्या खोलीत मी एक मोठी सतरंजी अंथरून ठेवली होती, ती पाच वर्षं कुणी गुंडाळली नाही. रेशन कार्ड, बदली, बोअरचं पाणी, दवाखाना, नवऱ्याने टाकलेली मुलगी, सगळं त्या सतरंजीवर बसून सांगितलं जाई. आजोबा पुढे वाकून ऐकत. मधेच फोन लावत. मी कॉलेजला निघायच्या आधी चहाचं मोठं पातेलं चढवून जात असे.

त्यांना सगळ्यांकडे जावं लागे. लग्न, बारसं, मयतानंतरचा जलदान विधी. एका दिवसात चार लग्नांतलं वरण त्यांनी खाल्लं आहे. एखाद्या मयताला पोचले नाहीत तर माणसं तोंडावर म्हणत, "साहेब, मत मागायला बरे वेळेवर आल्ते." आजोबा हसत. त्या लोकांच्या लेखी आमदार म्हणजे विधानसभेत बसणारा माणूस नव्हता. तो घरातला थोरला होता, आणि घरातल्या थोरल्याला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नाही.

या शेवटच्या वाक्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

दुसऱ्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. कारण कुणी सांगितलं नाही, आजोबांनीही विचारलं नाही. त्यांनी काळा कोट पुन्हा इस्त्री करून घेतला आणि कोर्टात जायला लागले. घर एका आठवड्यात रिकामं झालं. पुढे जिल्हा न्यायाधीशांच्या थेट भरतीची जाहिरात आली तेव्हा त्यांनी परीक्षेला बसायचं ठरवलं. आम्ही जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत असू. ते निकालपत्रं लिहून दाखवत आणि मी त्यांच्या इंग्रजीतले 'द' आणि 'अ' दुरुस्त करी. तोंडी परीक्षेत त्यांना विचारलं म्हणे, "राजकारणाचं काय करणार?" ते म्हणाले, "ते मला सोडून गेलंय."

निवड झाली. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक देत नाहीत, म्हणून ते लातूर जिल्ह्यात गेले, आणि काही वर्षांनी निलंग्याला बदली झाली. निलंग्याहून आमचा जुना मतदारसंघ फार लांब नाही. सीमेचा भाग आहे. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे.

न्यायाधीशाचं घर आमदाराच्या घराच्या अगदी उलटं. क्वार्टरला फाटक, फाटकाला पोलीस. लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, दुकानदाराशी ओळख वाढवायची नाही. न्हावीसुद्धा पट्टेवाल्याने निवडून आणायचा. आम्ही निलंग्याला राहायला गेलो त्या पहिल्या रविवारी मतदारसंघातले जुने कार्यकर्ते जीप करून आले. बरोबर हार आणि एक हलगीवाला. आजोबांनी पोलिसाकरवी निरोप पाठवला की भेटता येणार नाही. मी खिडकीतून बघत होते. त्यातला एक म्हातारा फाटकाच्या गजाला धरून ओरडला, "ओ साहेब! तुमच्या प्रचारात माझ्या चपला झिजल्या. आता फाटक बी उघडना का?"

दुसरा म्हणाला, "गप की तात्या. आता ते आपले नाहीत, सरकारचे झालेत."

"सरकारचे कसे? मत काय सरकारनं दिल्तं?"

हलगीवाल्याने फाटकाबाहेरच थोडा वेळ वाजवलं आणि हार फाटकाला अडकवून ते गेले. आजोबा दिवसभर आतल्या खोलीत बसून होते.

आता त्या बाईकडे येते. तिचं नाव लिहीत नाही.

तिचं माहेर आमच्या मतदारसंघात, सासर निलंगा तालुक्यात. नवरा गावच्या गायरानावर, म्हणजे गुरं चरायला ठेवलेल्या सरकारी जमिनीवर, थोडा तुकडा कसायचा. आपल्या लोकांनी अशी जमीन कसणं गावात अनेकांना खुपतं. उभ्या पिकात गुरं सोडली गेली, भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा नवरा विहिरीत मेलेला सापडला. ठाण्यात पाय घसरून पडल्याची नोंद झाली. अकस्मात मृत्यू. तिचा जबाबही लिहून घेतला, पण तिला विचारलं त्यापेक्षा न विचारलेलंच जास्त होतं.

तिच्या भावाने तिला माहेरच्या आमदाराकडे आणलं. सासर आजोबांच्या मतदारसंघात नव्हतं, जिल्हासुद्धा वेगळा. पण मुलगी माहेरची. ती सतरंजीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी तिघे जण दारात येऊन म्हणाले होते, उद्या गायरानात दिसला तर विहिरीत घालू. सकाळी त्यांच्यातलाच एक तिच्या नवऱ्याला समजूत काढायला म्हणून हाताला धरून घेऊन गेला. त्यानंतर तो परत आला नाही. आजोबांनी तिथल्या तिथे अधिकाऱ्याला फोन लावला. खुनाचा गुन्हा नोंदवा, नाहीतर अधिवेशनात प्रश्न लावतो. गुन्हा नोंदवला गेला. त्या वेळी विहिरीत पडलेल्या गरिबाच्या मरणाला कुणी खून म्हणणं ही सोपी गोष्ट नव्हती. आमदारकीत आजोबांनी केलेली कामं मोजायला बसले तर मी हे सगळ्यात वर ठेवीन.

पण त्यांना ते आठवत नव्हतं. असे फोन ते रोज करत.

खटला उभा राहायला वर्षं लागली. एक आरोपी हैदराबादच्या बाजूला पळून गेला होता, मग वरच्या कोर्टाची स्थगिती, मग मधे निलंग्याला न्यायाधीशच नव्हते. शेवटी फाईल आजोबांसमोर आली. त्यात बाईचं सासरचं नाव. आमच्याकडे ती आली होती ती अमक्याची लेक म्हणून, माहेरच्या गावाच्या नावाने. त्यांना ओळख पटली नाही.

तिला मात्र कळलं होतं. आमचा साहेबच जज झालाय. तिच्या माणसांनी तिला बजावलं होतं की वकील शब्दात पकडतेत, कमी बोल, साहेबाला सगळं ठाऊकच हाय.

पुढचं मला आजोबांनी त्याच दुपारी सांगितलं. कोर्टातलं त्यांनी घरी सांगितलेलं तेवढंच.

ती साक्षीला उभी राहिली. शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याचा मृत्यू कसा झाला?"

"मारून हिरीत टाकलं."

"त्याआधी घरी कोण आलं होतं? काय म्हणालं?"

ती न्यायासनाकडे बघून किंचित हसली. "साहेबाला ठाऊक हाय की."

"बाई, कोर्टाला सांगा."

"कोर्ट म्हंजे साहेबच ना? सांगितलंय त्यांला."

"कधी सांगितलं?"

"आमदार होते तवा. नांदेडला, घरी. माझा भाऊ होता संगं. लई येळ ऐकलं त्यांनी. माझ्यासमोर फोन केला, तवा तर केस झाली. न्हाईतर कोण करतंय आमची केस?"

सरकारी वकील खालचा ओठ चावत उभे राहिले. त्यांनी प्रश्न तीन प्रकारे फिरवून विचारला. ती प्रत्येक वेळी तेच म्हणाली, आणि शेवटी जरा चिडून, "माहेरच्या माणसाला किती डाव सांगायचं, वकीलसाहेब? त्यांला काय मी खोटी वाटले का?"

बचाव पक्षाचे वकील शांतपणे उठले आणि म्हणाले की साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदवले जावेत, एवढीच विनंती. आजोबांनी ते स्टेनोला स्वतः सांगून नोंदवले. सुनावणी थांबवली.

ते जेवायला घरी आले आणि ताटावर बसून राहिले. मला म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नाही. फोन आठवतो. मी त्या अधिकाऱ्यावर केवढ्याने ओरडलो होतो."

मी म्हणाले, "ती खरं बोलते आहे."

"हो."

"मग तुम्हीच ऐका ना तिचं. उद्या वकील पुन्हा विचारतील, ती सांगेल."

"ती खरं बोलते हे मला आधीपासून माहीत आहे, म्हणून तर मला तिथे बसता येत नाही. हा गुन्हा मीच नोंदवायला लावला. उद्या मी शिक्षा दिली तर वरचं कोर्ट या एका गोष्टीवर ती उडवून देईल. आणि देऊ नये तरी का? त्या तिघांच्या जागी मी असतो तर मला असा न्यायाधीश चालला असता का?"

त्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. दुपारी त्यांनी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना कळवलं की हा खटला माझ्यासमोर चालू नये.

संध्याकाळी ती फाटकाशी आली. भाऊ बरोबर होता. पोलिसाने आत येऊन सांगितलं की एक बाई बाईसाहेबांना भेटायचं म्हणते, हटत नाही. आजोबा घरात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर गेले, फाटकाच्या आतच उभी राहिले.

"बाईसाहेब, वळखलं का? तुमच्या घरी च्या पिलता मी."

मी म्हणाले, "बाई, तुम्हाला इथे येता येत नाही. तुमचंच नुकसान होईल."

"आता काय नुकसान व्हायचं ऱ्हायलंय? वकील म्हणाला, साहेबानं माझी केस टाकून दिली. काय चुकलं माझं? मी काय वंगाळ बोलले का साहेबाला?"

"केस टाकली नाही. दुसरे न्यायाधीश ऐकतील. तिथे सगळं सांगा, पहिल्यापासून. कुणाला काही माहीत नाही असं धरून सांगा."

ती भावाकडे वळून म्हणाली, "बघ. आपला माणूस व्हता म्हणून बोलले न्हाई, तर आता परक्याला सांगा म्हणतेत."

भाऊ म्हणाला, "चल अक्का. गाडी चुकंल."

"चुकू दे." पण ती गेली.

मी फाटक उघडलं नाही. आज तसाच प्रसंग आला तरी उघडणार नाही. न्यायाधीशाच्या घरात साक्षीदार शिरली एवढं एक वाक्य तिच्या विरुद्ध पुरलं असतं. बरोबर वागल्याचं समाधान असतं असं पुस्तकात म्हणतात. त्या संध्याकाळी आमच्या घरात तसलं काही नव्हतं.

खटला लातूरला दुसऱ्या कोर्टात गेला. तिथे ती गावाहून दोन एसट्या बदलून जायची. तारखा पडत राहिल्या. दारातली धमकी ऐकलेले दोन शेजारी होते. त्यांतला एक उसाच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला तो सापडेना, दुसरा फितूर झाला. त्याला त्याच गावात राहायचं होतं. राहिली ती एकटी. या वेळी तिने सगळं सांगितलं. धमकी, सकाळ, हाताला धरून नेणं, तिघांची नावं. सरकारी वकिलांनी नंतर आजोबांच्या एका सहकाऱ्याला सांगितलं की इतकी स्वच्छ साक्ष त्यांनी फार थोड्यांची ऐकली.

मग उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला. हे तुम्ही पोलिसांच्या पहिल्या जबाबात सांगितलं नाही. निलंग्याच्या कोर्टात शपथेवर विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. मग आज कुणी शिकवलं?

ती म्हणाली, सांगितलं होतं, साहेबाला. पण आजोबा साक्षीदार नव्हते, आणि घरी सतरंजीवर सांगितलेलं पुराव्यात बसत नाही. बसलं असतं तरी तिघांनी हात उगारताना कुणी पाहिलं नव्हतं. संशयाचा फायदा मिळून तिघेही सुटले.

आजोबांनी निकालपत्र मिळवून वाचलं. मी विचारलं, "चुकलंय का कुठे?"

"नाही," ते म्हणाले. "मीही असंच लिहिलं असतं." आणि थोड्या वेळाने, "तिला अपील करायला कुणीतरी सांगितलं पाहिजे." पण ते सांगू शकत नव्हते, आणि सरकारने अपील केलं नाही.

त्यानंतर त्यांची नोकरी बरीच वर्षं होती. त्यांनी चांगलं काम केलं. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवू शकलं नाही. नवा खटला आला की ते फिर्यादी आणि साक्षीदार बायकांचं माहेर कुठलं ते आधी बघत. स्टेनोला ती लहर वाटायची.

निवृत्तीनंतर आम्ही नांदेडला परत आलो. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, आता मी कुणाचाच नाही, मला जाता येईल. आम्ही गाडी करून तिच्या सासरच्या गावी गेलो. गावाच्या कडेला आपल्या लोकांची वस्ती, तिथे शेवटचं पत्र्याचं घर. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. तिने आजोबांना लगेच ओळखलं.

"या साहेब. आज फाटक न्हाई आडवं."

आजोबा बाजेवर बसले. म्हणाले, "बाई, मला पुन्हा एकदा सगळं सांगाल का? पहिल्यापासून."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "आता ऐकून काय करणार साहेब? आता तुमी आमदार बी न्हाई, जज बी न्हाई."

"काही करता येणार नाही. तेव्हा मी विसरलो होतो. ते मला तसंच राहू द्यायचं नाही."

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, शेंगा सोलत. दारात कोण कुठे उभं होतं, नवऱ्याच्या अंगात कुठला सदरा होता, जाताना तो मागे वळून काय म्हणाला. आजोबा मांडीवर हात ठेवून ऐकत होते. तिचं संपलं तेव्हा म्हणाली, "झालं. आता तुमी गेल्यावर ह्ये कोणाला सांगू?" समोरच्या रस्त्याने एक म्हातारा बैल घेऊन जात होता. तिने हनुवटीने खुणावलं. "त्यो बघा. हाताला धरून नेल्ता त्यो." म्हातारा आमच्या गाडीकडे बघत निघून गेला.

परतीच्या वाटेवर आजोबांनी एवढंच म्हटलं की ती कोर्टात बोलली नाही याला ते तिची चूक मानत नाहीत. ज्याच्याशी बोलायचं तो एकच माणूस दोन खुर्च्यांवर बसतो हे कायद्याला कळतं, तिला का कळावं?

थोरले, तू कायदा शीक. आजोबांनाही ते आवडलं असतं. मला तुला त्यांच्याविषयी काही वाईट सांगायचं नव्हतं. त्यांनी फोन केला ते बरोबर होतं, आणि बाजूला झाले तेही बरोबर होतं. त्या दोन बरोबर गोष्टींच्या मधे तिचा न्याय गेला, आणि कुणाकडे जाऊन मागावा असा कुणी उरला नाही.

आरोपींपैकी एक वारला, दोघे त्याच गावात आहेत. निकाल कायम आहे. तिचा भाऊ अधूनमधून फोन करतो, त्याच्याकडून कळतं. गायरानाचा तो तुकडा अजून तिच्या नावावर झालेला नाही. यंदाही तिने त्यात तूर पेरली आहे.